यादीपासून शाईपर्यंत : निवडणुकीत गावाचं काम
(भंडारदरा परिसरातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'लोकशाही आणि नागरिकांचे कर्तव्य' असा छापलाय. असा विषय मिळाला की वक्त्याची सोय होते. कुठूनही सुरुवात करावी, शेवटी संविधानापाशी यावं आणि टाळ्या घेऊन खाली बसावं. मला तसं करायचं नाही. मी मास्तर. आमच्या नोकरीत निवडणुकीची ड्युटी कुणाला चुकत नाही. यादीचं काम करणारा बीएलओ, केंद्रावरचा मतदान अधिकारी, पुढं केंद्राध्यक्ष, अशी सगळी कामं डोंगरातल्या शाळांमध्ये बसून केली. त्यातून एकच गोष्ट मनात पक्की झाली. निवडणुकीत ज्याच्यावर अन्याय होतो, त्याच्यावर तो बहुतेक वेळा मतदानाच्या दिवसाआधीच होऊन गेलेला असतो. आणि तो थांबवण्याचं काम साहेबापेक्षा गावाला जास्त चांगलं जमतं. आजचं व्याख्यान एवढ्यापुरतंच आहे.

सुरुवात यादीपासून करू. मतदार यादीचं पान आपल्यापैकी किती जणांनी सावकाश वाचलंय? एका पानावर तीस चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा नंबर, नाव, वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. शहरातल्या यादीत घर क्रमांकावरून माणूस सापडतो. आपल्याकडं त्या जागी कुठं शून्य, कुठं नुसती रेघ. घरं उताराला आणि बांधाला धरून विखुरलेली. त्यांना नंबर कुणी घातलेत? मग होतं काय, बाप एका पानावर, पोरगा चार पानं पुढं आणि सून भलत्याच भागात. निम्म्या वाडीचं आडनाव एक. एकाच नावाच्या तीन बाया, त्यातल्या दोघींच्या नवऱ्यांचं नावही सारखंच. त्यातली एक वारली आणि वगळलं गेलं दुसरीचं, तर ही चूक तालुक्याच्या कचेरीत बसून कुणाच्या बापाला कळायची? ती कळणार शेजारणीला.

बायकांच्या नावाचा घोळ आजचा नाही. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. यादी करायला माणसं दारोदार गेली तेव्हा उत्तरेतल्या कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेनांनी बजावलं की नाव हवं, नातं चालणार नाही. शेवटी सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळली. आपल्याकडं बाई नाव सांगते. पण लग्न होऊन रतनवाडीची पोर उडदावण्याला गेली की तिचं नाव माहेरच्या यादीत राहतं आणि सासरच्या यादीत येत नाही. मतदानाच्या दिवशी ती सासरच्या शाळेत रांगेत उभी राहते, नाव सापडत नाही, आणि तोंड बारीक करून घरी जाते. तिला मत नाकारलं असं कोणी म्हणणार नाही. पण मत गेलंच ना?

यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. यादीचं चावडी वाचन. निवडणूक आयोग यादीची दुरुस्ती हाती घेतो तेव्हा प्रारूप यादी प्रसिद्ध होते, आणि ती ग्रामसभेत वाचावी असं सांगितलेलं असतं. कागदावर बऱ्याच ठिकाणी ते वाचन होतंही. मी म्हणतो ते वाचन वेगळं. ग्रामपंचायतीच्या कचेरीत सकाळी अकराला नको, कारण तेव्हा माणसं रानात असतात. पाड्यापाड्यावर, रात्री जेवणं झाल्यावर. एकानं नाव वाचायचं, दुसऱ्यानं पेन्सिलीनं खूण करायची: मयत, दुबार, चुकलेलं. आणि तिसऱ्यानं वेगळ्या कागदावर जी माणसं समोर बसलीत पण यादीत नाहीत त्यांची नावं लिहायची. कॉलेजातली दोन पोरं आणि पाड्यातली एक जाणती म्हातारी, एवढ्या माणसांत हे काम होतं. म्हातारी हवीच. कोण कुणाची सून आणि कोण कधी वारलं, हे तिच्याइतकं कुठल्याही कॉम्प्युटरला ठाऊक नाही.

मग अर्ज. नवं नाव घालायला नमुना 6. पत्ता बदलला, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, अपंगत्वाची नोंद करायचीय, तर नमुना 8. सासरी गेलेल्या पोरीलाही हाच. अठरा वर्षं मोजायच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या पोरांना आगाऊ अर्ज देता येतो. शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी हे एका तासात उरकण्यासारखं आहे.

नमुना 7 मात्र जपून. तो कुणाच्या तरी नावावर हरकत घेण्याचा, नाव वगळण्याचा अर्ज आहे. मयताचं नाव काढायला तो लागतोच. पण भावकीच्या रागातून, पॅनलच्या हिशोबातून तो भरला जातो तेव्हा त्याचं हत्यार होतं. खोटं निवेदन देणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्यावर हरकत घेतली त्याला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं. नोटीस आली तर घाबरून घरात बसू नका, हजर व्हा.

इथं आपल्या भागाचा एक खास मुद्दा येतो. आपल्या डोक्यावर पाऊस पडतो, घाटघरला तर विचारूच नका. 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या या विल्सन धरणात ते पाणी साठतं आणि प्रवरेनं खाली जातं. खालचा मुलूख उसानं हिरवा झाला. आपला माणूस भात झोडपून झालं की पिशवी उचलतो आणि नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभा राहतो. कोणी नाशिककडं द्राक्षाच्या बागांवर जातो. अशा माणसाच्या नावापुढं कोणी 'स्थलांतरित' असा शेरा मारला, तर तो चूक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950, कलम 20 वाचा. राहत्या ठिकाणापासून माणूस तात्पुरता लांब गेला, तर तेवढ्यानं तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. चार महिने मजुरीला गेलेला माणूस याच गावचा मतदार आहे. घराला कुलूप दिसलं म्हणून नाव काढायचं नसतं. बीएलओ एकटा असतो, दारावर कुलूप बघतो आणि पुढं जातो. त्याला 'तो पोळ्याला आला होता, होळीला परत येणार' हे सांगणारा शेजारी गावानं त्याच्यासोबत द्यावा.

हे मी उगाच सांगत नाही. बिहारमध्ये 2025 साली यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. 1 ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा आधीच्या यादीतली सुमारे 65 लाख नावं तिच्यात नव्हती. कोणाची आणि का, हे लोकांना कळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 ऑगस्टला न्यायालयानं सांगितलं की वगळलेल्या नावांची यादी कारणांसकट जाहीर करा. त्या सगळ्या वादात कोण बरोबर, कोण चूक, हे आज बाजूला ठेवू. आपल्या कामाचं त्यातलं एक वाक्य घेऊ: वगळलेलं नाव आणि वगळण्याचं कारण, दोन्ही लोकांना दिसलं पाहिजे. उद्या आपल्या गावात असं काम निघालं तर पहिली मागणी हीच करायची.

आणि ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद? त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो 1994 पासूनचा वेगळा आयोग आहे. पण त्याची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडली जाते, एका ठरलेल्या तारखेला जी असेल ती. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा या वॉर्डातलं नाव त्या वॉर्डात गेलं, अशी हरकत घेता येते. नवं नाव तेव्हा घालता येत नाही. 'निवडणूक लागली की बघू' म्हणणारा इथंच फसतो.

यादी झाली, आता केंद्रापर्यंतची वाट. मतदान केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असा केंद्रीय निवडणूक आयोगाचा दंडक आहे. पण नकाशावरचे दोन किलोमीटर आणि भंडारदऱ्याचे दोन किलोमीटर यांत फरक आहे. समोरच्या काठावरची वाडी डोळ्यांना दिसते, आणि तिथं पोचायला जलाशयाला वळसा घालावा लागतो. मध्ये ओढा असला की पावसाळ्यात तोही बंद. निवडणुकीआधी मतदान केंद्रांची प्रारूप यादी निघते आणि हरकती मागवतात. केंद्र कुठल्या शाळेत हवं, कुठल्या पाड्याला वेगळं केंद्र हवं, हे तेव्हाच लेखी द्यायचं. अर्ज साधा हवा: एवढी घरं, एवढे मतदार, चालत एवढा वेळ, वाटेत हा ओढा. आपल्याच राज्यात अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याच्या काठावर आहे. तिथं मतदान यंत्रं घेऊन कर्मचारी बोटीनं जातात. तिथं यंत्र पाण्यावरून माणसांकडं जातं, मग आपल्याकडं म्हाताऱ्या माणसानं पाण्याला वळसा घालून यंत्राकडं का जावं, हे विचारायला काय हरकत आहे?

ज्यांना चालवतच नाही त्यांच्यासाठी घरून मतदानाची सोय आहे. वय 85 च्या पुढं, किंवा अपंगत्व 40 टक्के आणि त्याहून जास्त. नमुना 12 ड भरायचा, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. पाच दिवस म्हणजे काहीच नाही. म्हणून पाड्यातल्या अशा माणसांची यादी आधीच तयार ठेवा. अपंगत्वाचा दाखला नसेल तर तो काढायला लागणारे हेलपाटे कोणीतरी आधीच मारून ठेवा. एक ध्यानात ठेवा, घरून मतदान मागितलं की केंद्रावर मत देता येत नाही. कित्येक म्हाताऱ्यांना सगळ्यांसोबत शाळेत जाऊनच मत द्यायचं असतं. त्यांचं त्यांना ठरवू द्या.

अंध किंवा यंत्राचं बटण स्वतः दाबू न शकणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. सोबती अठराच्या पुढचा हवा, आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. ही अट फार शहाणपणाची आहे. एखादा कार्यकर्ता सकाळपासून पाच आज्यांचा नातू होऊन येऊ लागला, तर केंद्रावरच्या प्रतिनिधींनी तिथंच बोट ठेवावं.

वाटेचा आणखी एक अडसर मालकाचा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 135 ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. न देणाऱ्याला दंड आहे पाचशे रुपयांपर्यंत; एवढ्यात इथं दोन माणसांचं जेवणही होत नाही. त्यामुळे कायद्याच्या धाकापेक्षा गावाची भीड जास्त उपयोगी पडते. गेल्या लोकसभेला शिर्डी मतदारसंघाचं मतदान 13 मे 2024 ला झालं, ऐन पर्यटनाच्या हंगामात. मुंबई-पुण्याची काही मंडळी मतदानाची सुट्टी साजरी करायला भंडारदऱ्याला येतात, हे आपण जाणतोच. त्यांनी आपलं मत बुडवलं ते बुडवलं, पण त्यांना चहा-भाकरी देण्यात आपल्या पोरांचंही बुडतं. इथले हॉटेलवाले, तंबूवाले बसलेत. पाळ्या लावा. निम्मी पोरं सकाळी सातला, निम्मी दुपारी. आणि आलेल्या पाहुण्याला हसत विचारा, 'साहेब, बोटाला शाई दिसत नाही?' पाहुणा रागावणार नाही, पण पुढच्या वेळी आठवण ठेवील.

विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला होतं, भातकापणीच्या सुमाराला. नारायणगावला गेलेल्या माणसाला परत आणायला उमेदवाराची गाडी येते. मतदारांना अशी फुकट ने-आण करणं कायद्यात भ्रष्ट आचार आहे. त्या गाडीत बसलेला माणूस उतरताना मोकळा उतरत नाही. त्यापेक्षा मुकादमाशी आधीच बोलून दोन दिवसांची सुटी ठरवावी, आणि माणसानं आपल्या तिकिटानं एसटीनं यावं.

आता ज्यावर सगळे हळू आवाजात बोलतात ते. मतदानाच्या आदल्या रात्रीला आपण कत्तलची रात म्हणतो आणि पाकिटाला लक्ष्मीदर्शन. देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही, असं कायदा म्हणतो. पण घेणारी बाई ज्या घरात राहते तिथलं किराण्याचं बिल मी बघितलंय, म्हणून तिला उपदेश करायला माझी जीभ वळत नाही. दोष मी आधी वाटणाऱ्याला आणि त्याला पाड्यात वाट दाखवणाऱ्याला देतो. तो वाट दाखवणारा गावातलाच असतो. सी-व्हिजिल नावाचं ॲप आहे, फोटो किंवा व्हिडिओ जागेवरून पाठवला तर शंभर मिनिटांत दखल घ्यायची अशी त्याची रचना आहे. रेंज नसेल तर रेंजच्या टेकाडावर जाऊन 1950 ला फोन लावा, किंवा क्षेत्रीय अधिकाऱ्याला लेखी द्या.

पैशाचा दुसरा प्रकार उजळ माथ्यानं येतो. 2021 च्या जानेवारीत राज्यभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याला आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीला सरपंच आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचं पुढं आलं. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती, आणि पैसा देवळासाठी होता. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. देवळासाठी घेतले म्हणून ते पुण्याचे ठरले नाहीत, कारण ज्याच्याकडं बोली लावायला पैसे नव्हते त्याचा निवडून येण्याचा हक्क त्या लिलावात गेला.

मग बिनविरोध निवडणूक वाईट का? आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. 1989 पासून तिथं ग्रामपंचायत बिनविरोध होत होती, आणि त्या एकीतून पाणी अडलं, गाव उभं राहिलं, देशभरातून लोक बघायला आले. 2021 साली तिथं काही लोकांनी उभं राहायचं ठरवलं आणि तीस वर्षांनी मतदान झालं. पोपटराव पवारांचं पॅनल निवडून आलं. मला या गोष्टीत दोन्ही भाग आवडतात. एकी झाली तेही, आणि ज्याला उभं राहायचं होतं तो उभा राहू शकला तेही. बिनविरोध हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर, बायकांसमोर, पाड्यातल्या माणसांसमोर ठरलं तर ती एकी. चार घरांच्या ओट्यावर ठरलं तर ती गळचेपी.

पैशाशिवायही दबाव येतो, आणि तो छोट्या केंद्रांवर दिसतो. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रात प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसतो. केंद्रीय निवडणूक आयोगानं 2008 साली टोटलायझर नावाचं साधन सुचवलं होतं, म्हणजे काही यंत्रांची बेरीज एकदम यावी. ते अजून आलेलं नाही. दोन-तीनशे मतदारांच्या पाड्यात कोणाला किती मतं पडली हे निकालाच्या दिवशी दुपारी उघड होतं. मग 'तुमच्या पाड्यानं दिलं नाही, आता रस्ता मागू नका.' हे ऐकलंय ना? कायद्यानं हे कधी बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ग्रामसभेनं ठराव करावा की कामाचा क्रम गरजेवर ठरेल, मतांच्या आकड्यावर ठरणार नाही, आणि तो क्रम निवडणुकीच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवावा. फळ्यावरचं काम खोडायला माणसाला लाज वाटते.

शेवटी केंद्र. सकाळी मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान होतं. किमान पन्नास मतं टाकून, मोजून, चिठ्ठ्यांशी पडताळून ती पुसली जातात. हे बघायला सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी बसावेत अशी अपेक्षा असते. डोंगरातल्या केंद्रावर साडेपाचला अंधारात माझ्यासमोर कित्येकदा एखादाच प्रतिनिधी डोळे चोळत बसलेला असे. संध्याकाळी मतदान संपल्यावर नमुना 17 क भरला जातो: यंत्रात किती मतं नोंदली, यंत्राचा आणि सीलचा नंबर काय. त्याची सही केलेली प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची असते. मोजणीच्या दिवशी त्या केंद्राचं यंत्र उघडलं की हा कागद आणि यंत्राचा आकडा जुळवायचा. कागद एक, पण संशयाचं निम्मं ओझं त्यावर उतरतं. बरेच प्रतिनिधी तो न घेताच जेवायला पळतात.

डिसेंबर 2024 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी, आकड्यावर विश्वास नाही म्हणून, आपलं आपण मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. त्यांचा संशय बरोबर होता की नव्हता यात मी पडत नाही. संशय येणं हा नागरिकाचा हक्क आहे. मी एवढंच म्हणतो की संशय तपासायची साधनं पहाटेपासून केंद्रावर हजर असतात, आणि तिथं बसायला माणूस हवा. कोणत्याही पक्षाचा का असेना, तुमच्या घरचं पोरगं प्रतिनिधी म्हणून बसणार असेल तर त्याला दोन गोष्टी शिकवून पाठवा: अभिरूप मतदान बघितल्याशिवाय सही करू नको आणि 17 क घेतल्याशिवाय उठू नको.

मतदारासाठीही दोन गोष्टी. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटली की प्रदत्त मतपत्रिका मिळते, ती मागा. आणि सहा वाजता रांगेत असलात तर चिठ्ठी मिळते. कितीही उशीर झाला तरी मत देता येतं. 'वेळ संपली' असं कोणी दारावरून सांगितलं तर हलू नका.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 साली साउथबरो समितीपुढं साक्ष दिली तेव्हा मत हा मालमत्तेचा आणि शिक्षणाचा मान होता. 1928 ला सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला, म्हणजे सातबारा नसलेल्याला आणि अंगठा उठवणाऱ्यालाही मत. तो हक्क संविधानानं दिला. तो यादीत उमटतो का, त्याला वाट मिळते का, तो निर्धास्त वापरता येतो का, हे बघायचं काम नुसतं कुठल्या खात्याकडं सोपवून भागणार नाही.

म्हणून मागणं एकच. पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीत 'मतदार यादीचे पाड्यानिहाय वाचन' हा विषय घालायला लावा. नोटीस काढणारे सरपंच आणि ग्रामसेवक इथं समोरच बसलेत, त्यांनी मान डोलावलेली मी बघितलीय. तारीख ठरली की कळवा, पेन्सिल घेऊन मी येतो.